बेसबॉलमधला सर्वांत मोठा पिचर कोण? माझं मत : वॉल्टर जॉन्सन

स्कोअरवही

क्रीडा विभागात बेसबॉलचे धागे येतात ते होमरनचे, बेब रूथचे, नाहीतर ओहतानीचे. पिचरवर स्वतंत्र धागा हवाच होता. सामन्यातला प्रत्येक चेंडू ज्याच्या हातून सुटतो त्याच्याबद्दल आपण इतकं कमी बोलावं, हे मला पटत नाही.

नवीन वाचकांसाठी मोजकंच सांगतो. पिचर मातीच्या उंचवट्यावरून, म्हणजे माउंडवरून, ६० फूट ६ इंचांवरच्या होमप्लेटकडे चेंडू फेकतो. बॅटरचा हुकलेला, किंवा ठरलेल्या पट्ट्यातून न मारता गेलेला चेंडू म्हणजे स्ट्राइक. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद, तो स्ट्राइकआउट. चार चेंडू बाहेर गेले की बॅटरला पहिला बेस फुकट, तो वॉक. एकट्याने सबंध सामना टाकून समोरच्यांना एकही रन दिला नाही तर शटआउट. एकही हिट, म्हणजे बॅटरला बेसवर पोचवणारा फटका, दिली नाही तर नो-हिटर. आणि सत्तावीसच्या सत्तावीस बॅटर ओळीने बाद करून कोणालाही बेसवर पोचूच दिलं नाही, तर परफेक्ट गेम. ईआरए म्हणजे क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेले रन सोडून, नऊ इनिंगमागे पिचरने दिलेले रन. जितका कमी तितका चांगला.

यादी काढायला बसलं की पहिलं नाव साय यंगचं येतं. १८९० ते १९११ या काळात ५११ विजय, ७४९ पूर्ण सामने, सात हजारांवर इनिंग. हे आकडे आता कोणी गाठणार नाही, कारण तसा खेळच उरलेला नाही. आज पाच-सहा दिवसांतून एकदा माउंडवर येणाऱ्या पिचरला मोसमात तीसेक सामने मिळतात. ते सगळे जिंकले तरी ५११ ला सतरा वर्षं लागतील. दरवर्षी उत्तम पिचरला मिळणारा पुरस्कार १९५६ पासून यंगच्याच नावाने देतात, आणि ते योग्यच आहे. पण सर्वांत मोठा म्हणून मी त्याचं नाव घेणार नाही. माझा माणूस वॉल्टर जॉन्सन.

जॉन्सन जन्माने कॅन्ससचा. आयडाहोतल्या वायझर नावाच्या छोट्या गावात टेलिफोन कंपनीच्या संघातून खेळताना तो हेरला गेला आणि १९०७ साली वॉशिंग्टन सेनेटर्सकडे आला. तिथून तो हललाच नाही. १९२७ पर्यंत एकवीस मोसम, एकच संघ, आणि संघ बहुतेक वर्षं गाळात. १९०९ साली त्या संघाने ११० सामने गमावले, त्यातले २५ पराभव जॉन्सनच्या नावावर आहेत. अशा संघाकडून खेळून त्याने ४१७ सामने जिंकले. त्याच्या पुढे फक्त यंग. ११० शटआउट, म्हणजे कोणाहीपेक्षा जास्त. यातले ३८ विजय १-० असे आहेत. एकच रन मिळणार आहे हे गृहीत धरून नऊ इनिंग टाकायच्या, आणि तेही आयुष्यात ३८ वेळा! शिवाय दोन डझनांहून अधिक सामने तो याच फरकाने हरला. उत्तम पिचिंग केलं आणि आपल्या बॅटरांनी काहीच केलं नाही, हे त्याच्या नशिबी वर्षानुवर्षं होतं.

वयाच्या विसाव्या वर्षी, सप्टेंबर १९०८ मध्ये, त्याने न्यूयॉर्कच्या संघाला चार दिवसांत तीन वेळा शटआउट केलं : ४, ५ आणि ७ तारखेला. मधल्या ६ तारखेला रविवार होता आणि तेव्हा न्यूयॉर्कमध्ये रविवारी सामने होत नसत, म्हणून तेवढी विश्रांती. १९१३ चा मोसम तर असा : ३६ विजय, ७ पराभव, ईआरए १.१४.

त्याचा हात खांद्यावरून यायचा नाही, बाजूने यायचा. लांब हात सावकाश मागे जायचा आणि मग चेंडू दिसेनासा व्हायचा. त्या काळी वेग मोजायची धड सोय नव्हती, त्यामुळे ताशी मैलांवरून मी भांडणार नाही. मी स्ट्राइकआउट बघतो. ३००० चा आकडा ओलांडणारा तो पहिला. दुसरा पिचर तिथे पोचला १९७४ साली, बॉब गिब्सन. मधली पन्नास वर्षं जॉन्सन त्या यादीत एकटा होता.

आणि १९२४ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगच्या दोन लीग, अमेरिकन आणि नॅशनल, यांच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका. सतरा मोसम वाट बघून, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्याला पहिल्यांदा सिरीज खेळायला मिळाली. समोर न्यूयॉर्क जायंट्स. पहिला सामना तो बाराव्या इनिंगमध्ये हरला. पाचवाही हरला. १० ऑक्टोबरला सातवा आणि निर्णायक सामना वॉशिंग्टनमध्ये, राष्ट्राध्यक्ष कूलिज प्रेक्षकांत. आठव्या इनिंगअखेर ३-३. नवव्या इनिंगला जॉन्सनला बोलावलं, मध्ये एकच दिवस विश्रांती झालेली. त्याने चार इनिंग टाकल्या. त्यात बेसवर माणसं होती, संकटं आली, पण रन एकही दिला नाही. बाराव्या इनिंगमध्ये वॉशिंग्टनच्या मडी रूएलचा एक सोपा उंच फाउल, म्हणजे रेषेबाहेरचा चेंडू, उडाला. जायंट्सचा कॅचर (प्लेटमागे चेंडू झेलणारा) हँक गाउडी तो घ्यायला धावला आणि जमिनीवर टाकलेल्या स्वतःच्याच मास्कमध्ये पाय अडकून अडखळला. जीवदान मिळालेल्या रूएलने डबल, म्हणजे दोन बेसचा फटका, मारली. पुढे अर्ल मॅकनीलीने मारलेला जमिनीलगतचा चेंडू तिसऱ्या बेसजवळ खड्यावर आपटून उसळला आणि अठरा वर्षांच्या लिंडस्ट्रॉमच्या डोक्यावरून गेला. रूएल घरी, ४-३. विजय जॉन्सनच्या नावावर. त्या शहराला पुढची सिरीज जिंकायला २०१९ उजाडलं.

तुमचा माणूस कोण आणि का, ते लिहा. नुसते आकडे टाकू नका, ते कसे आले तेही सांगा.

डावखुरा

सँडी कूफॅक्स. यावर मी मागे हटणार नाही.

तुम्ही एकवीस मोसमांचा माणूस मांडलात, मी सहा मोसमांचा मांडतो. १९५५ साली तो ब्रुकलिन डॉजर्सकडे आला तेव्हा १९ वर्षांचा होता. चेंडू भयानक वेगवान, पण कुठे जाईल याचा भरवसा नाही. १९६० संपेपर्यंत त्याचा हिशेब ३६ विजय, ४० पराभव. १९६१ च्या सरावात कॅचर नॉर्म शेरीने त्याला एवढंच सांगितलं, की सगळा जोर लावू नकोस, थोडा हात सैल सोड. त्या वर्षी त्याने २६९ स्ट्राइकआउट केले आणि नॅशनल लीगमधला, जुन्या काळातला पिचर मॅथ्यूसनचा, १९०३ पासूनचा विक्रम मोडला. पुढची पाचही वर्षं, १९६२ ते १९६६, लीगमधला सर्वांत कमी ईआरए त्याचाच. चार वर्षांत चार नो-हिटर. साय यंग पुरस्कार तीनदा, तोही दोन्ही लीग मिळून एकच पुरस्कार होता त्या काळात, आणि तिन्ही वेळा एकमताने.

९ सप्टेंबर १९६५ चा सामना शिकागो कब्जविरुद्ध, लॉस एंजेलिसमध्ये (डॉजर्स तोवर तिथे गेले होते). कब्जच्या बॉब हेंडलीनेही त्या रात्री फक्त एक हिट दिली, आणि त्या हिटवर रन झालाच नाही. डॉजर्सचा एकुलता एक रन कसा आला बघा : लू जॉन्सनला वॉक, बंटवर (बॅटने हळूच टेकवलेल्या चेंडूवर) दुसरा बेस, मग तिसऱ्याची चोरी, आणि कॅचरचा थ्रो भरकटल्यावर घरी. बस्स, १-०. कूफॅक्सने १४ स्ट्राइकआउट केले आणि शेवटचे सहाच्या सहा बॅटर ओळीने स्ट्राइकआउट. परफेक्ट गेम. दमलेला पिचर शेवटी मंदावतो, हा शेवटी अधिक धारदार झाला.

त्याच वर्षी योम किप्पूरच्या पवित्र दिवशी वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना आला आणि तो खेळायला उतरला नाही. सातव्या सामन्यात दोनच दिवसांच्या विश्रांतीवर त्याने मिनेसोटाला त्यांच्या मैदानावर २-० ने शटआउट केलं. कोपराचा सांधा तेव्हाच संधिवाताने गेलेला होता. १९६६ साली २७ विजय आणि १.७३ चा ईआरए, आणि त्यानंतर निवृत्ती. वय वर्षं ३०. छत्तिसाव्या वर्षी तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे खेळातल्या थोरांच्या मानयादीत, गेला. इतक्या लहान वयात तिथे निवडून गेलेला दुसरा खेळाडू नाही.

शेवटची_ओव्हर

बेसबॉल मी नुकताच बघायला लागलो आहे. छान धागा. एक शंका : ‘विजय’ पिचरच्या नावावर कसा लावतात? रन तर बॅटर करतात. क्रिकेटमध्ये गोलंदाजाच्या खात्यावर विकेट जमा होतात, सामना नाही.

स्कोअरवही

@शेवटची_ओव्हर, कळीचा प्रश्न आहे. सुरुवात करणाऱ्या पिचरने किमान पाच इनिंग पूर्ण केल्या, तो बाहेर पडताना संघ पुढे होता आणि ती आघाडी शेवटपर्यंत टिकली, तर विजय त्याचा. नाहीतर ज्याच्या वेळी संघाने शेवटची आघाडी घेतली त्याचा. म्हणजे पिचरच्या हातात निम्माच भाग.

दोन उदाहरणं देतो. १९७२ साली फिलाडेल्फियाचा संघ वर्षभरात ५९ सामने जिंकला. त्यातले २७ एकट्या स्टीव्ह कार्लटनचे. उलट १९८७ साली नोलन रायनचा ईआरए नॅशनल लीगमध्ये सर्वांत कमी, २७० स्ट्राइकआउटही सर्वांत जास्त, आणि हिशेब ८ विजय, १६ पराभव. ह्यूस्टनच्या बॅटरांनी त्याला रन दिलेच नाहीत. पुरस्कार देणारे लोक आता हे ओळखतात. २०१८ साली जेकब डिग्रॉमला १० विजय, ९ पराभवांवर साय यंग मिळाला, कारण ईआरए १.७० होता. विजयांचा आकडा मी म्हणूनच एकटा वापरत नाही. जॉन्सनचे ४१७ मोठे वाटतात ते त्यांच्यामागचा संघ बघितल्यावर.

ओहायोची_सून

क्लीव्हलंडजवळ राहते, त्यामुळे बॉब फेलरबद्दल सासरी खूप ऐकलं आहे आणि मग मुद्दाम वाचलंही. पण आधी एक गोष्ट, जी या धाग्यात अजून आली नाही आणि यायलाच हवी.

जॉन्सन, यंग, मॅथ्यूसन यांच्या आकड्यांत एकाही कृष्णवर्णीय बॅटरची विकेट नाही. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन डॉजर्सकडून उतरेपर्यंत मेजर लीगचे दरवाजे त्या खेळाडूंना बंद होते. म्हणजे त्या काळातले काही सर्वोत्तम बॅटर यांच्या समोर आलेच नाहीत. आणि पिचरही त्याच कारणाने यादीबाहेर राहिले.

सॅचेल पेज हे त्यातलं सर्वांत मोठं नाव. जन्म १९०६, अलाबामातल्या मोबीलचा. वीसेक वर्षं तो कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या नीग्रो लीगमध्ये आणि गावोगावच्या सामन्यांत पिच करत फिरला. मेजर लीगमध्ये त्याला पहिली संधी मिळाली जुलै १९४८ मध्ये, क्लीव्हलंडकडून, वयाच्या ४२ व्या वर्षी. त्या अर्ध्या मोसमात ६ विजय, १ पराभव, आणि संघ वर्ल्ड सिरीज जिंकला. ऑगस्टमधल्या त्याच्या एका सामन्याला इथे ७८ हजारांवर लोक आले होते आणि त्याने शटआउट टाकला. १९६५ साली, ५९ वर्षांचा असताना, कॅन्सस सिटीकडून त्याने बॉस्टनविरुद्ध तीन इनिंग टाकल्या. रन शून्य, हिट एकच, ती यास्त्रेम्स्कीची. ज्या माणसाचा ऐन भराचा काळ मोजलाच गेला नाही, त्याला ४१७ आणि ५११ च्या शेजारी कसं बसवायचं? मेजर लीगने २०२४ साली नीग्रो लीगची आकडेवारी आपल्या नोंदीत घेतली, पण गावोगावचे ते शेकडो सामने त्यात येत नाहीत.

आता फेलर. १९३६ साली सतराव्या वर्षी त्याने एका सामन्यात १७ स्ट्राइकआउट केले. १९३९, ४०, ४१ या तीन वर्षांत २४, २७ आणि २५ विजय. पर्ल हार्बरवर हल्ला झाल्यावर दोन दिवसांत तो नौदलात भरती झाला. अलाबामा युद्धनौकेवर तोफांवर होता. जवळजवळ चार मोसम गेले. परत आल्यावर १९४६ साली ३४८ स्ट्राइकआउट आणि ३६ पूर्ण सामने. त्याचे एकूण विजय २६६ आहेत. गेलेल्या वर्षांचे किती धरायचे ते ज्याचं त्याने ठरवावं.

पाटणकर_काका

ओहायोची_सून, फार छान लिहिलंस. पेजबद्दल वाचून वाईटही वाटलं आणि आनंदही झाला.

मी न्यू जर्सीला ४० वर्षं आहे. माझं मत मारिआनो रिव्हेराला. तुम्ही सगळे सुरुवात करणाऱ्या पिचरबद्दल बोलताय, मी शेवट करणाऱ्याबद्दल सांगतो. पनामातल्या पुएर्तो काइमितोचा कोळ्याचा मुलगा. शेवटी येऊन संघाची थोडकी आघाडी टिकवली की पिचरला सेव्ह मिळतो. न्यूयॉर्क यँकीजकडून ६५२ सेव्ह, दुसऱ्या क्रमांकावर ट्रेव्हर हॉफमन ६०१. आणि सगळं एका चेंडूवर. कटर. सरळ येतो असं वाटतं आणि शेवटच्या क्षणी डावखुऱ्या बॅटरच्या अंगावर वळतो. बॅटच्या मुठीजवळ लागून कितीतरी बॅट तुटायच्या. येणारा चेंडू कुठला हे सबंध मैदानाला ठाऊक, तरी मारता येत नसे. मोसमानंतरच्या प्लेऑफमध्ये १४१ इनिंग आणि त्याच्या नावावर ११ रन, ईआरए ०.७०. २०१९ मध्ये हॉल ऑफ फेमच्या मतदानात ४२५ पैकी ४२५ मतं, असं त्याआधी कोणालाच मिळालं नव्हतं. २००१ च्या सातव्या सामन्यात अॅरिझोनाने त्याला हरवलं, तो दिवस मला अजून टोचतो. तरीही माझं मत त्यालाच.

डावखुरा

काका, रिव्हेराबद्दल आदर पूर्ण आहे, पण मोसमात सत्तर-ऐंशी इनिंग टाकणाऱ्याला तीनशे इनिंग टाकणाऱ्याच्या पंक्तीला बसवणं मला जमत नाही. नवव्या इनिंगला ताजा हात घेऊन येणं वेगळं आणि तोच बॅटर चौथ्यांदा समोर आल्यावर त्याला बाद करणं वेगळं.

पाटणकर_काका

मान्य आहे, काम वेगळं आहे. पण ऑक्टोबरमधल्या नवव्या इनिंगचं वजन मोसमातल्या साध्या इनिंगएवढं धरू नकोस रे.

गिरगाव_ते_सेंटलुई

बॉब गिब्सन, १९६८. ईआरए १.१२. ३४ सामन्यांत सुरुवात, २८ पूर्ण, १३ शटआउट. एवढं करून ९ पराभव! त्यातला एक १७ सप्टेंबरचा : गिब्सनने सबंध सामन्यात एकच रन दिला आणि समोर गेलॉर्ड पेरीने नो-हिटर टाकला. त्या वर्षी अमेरिकन लीगचा सर्वोत्तम बॅटरची सरासरी जेमतेम .३०१ होती. पिचर इतके वरचढ झाले की पुढच्या मोसमासाठी माउंडची उंची १५ इंचांवरून १० इंचांवर आणली आणि स्ट्राइकचा पट्टाही आखूड केला. नियम बदलायला लावणारा मोसम याहून मोठा कुठला?

सिरीजच्या पहिल्या सामन्यात डेट्रॉइटविरुद्ध १७ स्ट्राइकआउट, तो विक्रम आजही उभा आहे.

मंजूषा_अटलांटा

इथे सगळे वेगावर आणि स्ट्राइकआउटवर भाळलेले दिसतात. ग्रेग मॅडक्सचं नाव अजून कसं आलं नाही?

नव्वदच्या दशकात अटलांटा ब्रेव्हज बघत मी हा खेळ शिकले. मॅडक्स दिसायला शाळामास्तरासारखा, चेंडू बाकीच्यांपेक्षा हळू. पण प्लेटच्या कडेला तो असा चेंडू ठेवायचा की डावखुऱ्या बॅटरला वाटायचं, आता अंगावर येतो. बॅटर पोट आत घेऊन मागे सरकायचा आणि चेंडू वळून आतल्या कडेवरून स्ट्राइक जायचा. बॅट खांद्यावरच. हे मी किती वेळा पाहिलंय आणि दर वेळी तितकंच आवडलंय. लागोपाठ चार साय यंग, १९९२ ते १९९५. ईआरए १९९४ ला १.५६ आणि १९९५ ला १.६३, तेही होमरनचा पाऊस पडत असलेल्या काळात. त्यातून १९९४ चा मोसम संपामुळे मध्येच थांबला. जुलै १९९७ मध्ये कब्जविरुद्ध त्याने ७८ चेंडूंत सबंध सामना संपवला. एकूण ३५५ विजय, ३३७१ स्ट्राइकआउट, आणि वॉक फक्त ९९९. शिवाय क्षेत्ररक्षणाचे १८ गोल्ड ग्लव्ह पुरस्कार.

नोलन रायनचे ५७१४ स्ट्राइकआउट आणि सात नो-हिटर याबद्दल मला कौतुक आहेच. चव्वेचाळिसाव्या वर्षी नो-हिटर टाकणं अशक्य वाटतं. पण त्याने २७९५ वॉकही दिले, दुसऱ्या क्रमांकावरच्या कार्लटनपेक्षा साडेनऊशेहून जास्त. साय यंग त्याला एकदाही मिळाला नाही, ते यामुळेच.

शेवटची_ओव्हर

आणि रॉजर क्लेमेन्स? सात साय यंग पुरस्कार दिसतात त्याच्या नावावर, इथे कोणी नाव घेत नाही.

गिरगाव_ते_सेंटलुई

३५४ विजय, ४६७२ स्ट्राइकआउट, एका सामन्यात २० स्ट्राइकआउट दोनदा. पण उत्तेजकांच्या आरोपांमुळे हॉल ऑफ फेमच्या मतदानात दहा वर्षं नाकारला गेला. त्याने आरोप कायम फेटाळले आणि खटल्यातूनही सुटला. मी माझ्या यादीत त्याला घेत नाही, एवढंच सांगतो.

स्कोअरवही

@ओहायोची_सून, तुमचा मुद्दा या धाग्यातला सर्वांत वजनदार आहे. माझं मत आता असं मांडतो : जे समोर आले त्यांच्याविरुद्ध, ज्या संघात होता त्या संघाकडून, जॉन्सनइतकं कोणी केलं नाही. पेज त्याच्या वर असू शकतो. ते मैदानावर ठरू दिलं गेलं नाही, हा दोष खेळ चालवणाऱ्यांचा.

@मंजूषा, रायनच्या वॉकबद्दल सहमत. मॅडक्सबद्दलचं ते आतल्या कडेचं वर्णन वाचून जुने सामने परत लावले.

नाशिकचा_नित्या

हातांबद्दल कोणीतरी लिहायला हवं होतं, मी लिहितो. फिजिओथेरपी शिकतो आहे, त्यामुळे रस आहे.

कूफॅक्सचं कोपर १९६६ साली कोणी वाचवू शकलं नाही. आठ वर्षांनी, सप्टेंबर १९७४ मध्ये, डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच डॉजर्सच्या टॉमी जॉनच्या डाव्या कोपरातला फाटलेला लिगामेंट बदलला. त्याच्या उजव्या मनगटातला टेंडन काढून तिथे ओवून बसवला. १९७५ चं सबंध वर्ष गेलं. १९७६ ला तो परत आला आणि ४६ वर्षांचा होईपर्यंत खेळला. शस्त्रक्रियेआधी १२४ विजय, नंतर १६४. हे ऑपरेशन आता त्याच्याच नावाने ओळखतात. २००८ च्या ‘मिलियन डॉलर आर्म’ स्पर्धेतून पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केलेल्या दिनेश पटेल आणि रिंकू सिंग यांच्यापैकी रिंकूवरही पुढे हेच ऑपरेशन झालं. दोघेही मुळात उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू.

पिचरचा हात खांद्यातून ज्या वेगाने फिरतो, तो शरीराच्या सर्वांत जलद हालचालींपैकी एक आहे, आणि प्रत्येक चेंडूला कोपराच्या आतल्या बाजूवर ताण येतो. म्हणून सायडआर्म फेकणाऱ्या जॉन्सनने जवळजवळ सहा हजार इनिंग टाकल्या, हे मला विजयांपेक्षाही मोठं वाटतं.

डावखुरा

क्लेटन कर्शॉचं नावही नोंदवून ठेवतो. २ जुलै २०२५ ला त्याने ३००० वा स्ट्राइकआउट केला, त्या रात्रीच्या शंभराव्या चेंडूवर. त्याच मोसमाअखेर निवृत्त झाला. सगळी कारकीर्द एकाच संघात घालवून ३००० गाठणारे तिघेच : जॉन्सन, गिब्सन, कर्शॉ. करिअरचा ईआरए २.५३.

ओसाकाची_पाहुणी

सगळी चर्चा अमेरिकेचीच चालली आहे, म्हणून जपानमधलं एक नाव. मासाइची कानेदा, डावखुरा. १९५० साली सतराव्या वर्षी कोकुतेत्सु स्वॉलोजकडून उतरला. संघ बहुतेक वर्षं तळाशी. तिथे त्याने ३५३ सामने जिंकले, मग योमिउरी जायंट्सकडे जाऊन एकूण ४०० पूर्ण केले आणि १९६९ ला थांबला. ४४९० स्ट्राइकआउट, आणि पराभव २९८. तिथल्या यादीत दुसरा तेत्सुया योनेदा, ३५० विजय आणि ३३८८ स्ट्राइकआउट. अंतर बघा. दुबळ्या संघाचा निकष लावायचा तर याला जॉन्सनशेजारी जागा द्या. कोणाला रस असेल तर १९५७ चा त्याचा चुनिचीविरुद्धचा परफेक्ट गेम मी सविस्तर लिहीन.

स्कोअरवही

लिहाच. आणि जपानमधल्या इतर पिचरांवरही लिहा, सावामुरा पुरस्कार ज्याच्या नावाने देतात त्या एइजी सावामुराबद्दलही. सतराव्या वर्षी, १९३४ साली, त्याने बेब रूथ आणि लू गेहरिग दोघांनाही स्ट्राइकआउट केलं होतं.